चुकीची वाक्यं न विचारता दुरुस्त करून देणारं दुकान

पुण्यातल्या ज्या दुकानात माझा प्रबंध टाइप करून घेतला, त्याचा हा अभिप्राय. तारे देऊन सुरुवात करायची पद्धत आहे, म्हणून चार दिलेत. पण माझ्या विषयात, म्हणजे भाषाविज्ञानात, तारा ही वाईट गोष्ट असते. वाक्याच्या डोक्यावर * काढली की त्याचा अर्थ ‘असं मराठीत कुणी बोलत नाही’. त्या हिशेबाने चार तारे म्हणजे दुकान चार वेळा चुकलं, आणि खरं सांगायचं तर तेही बरोबरच आहे.

दुकानाचं नाव देत नाही. देणार होते, पण काकाच म्हणाले, ‘नाव नका टाकू मॅडम. मार्च ते जून तसंही मी दुकानातच झोपतो.’ ज्यांना शोधायचंय त्यांनी अप्पा बळवंत चौकातून नारायण पेठेत शिरावं आणि भरदुपारी ट्यूबलाइट लावून बसलेलं, जिन्याखालचं दुकान हुडकावं. पाटीवर नुसतं ‘झेरॉक्स’ आहे. आत दोन कॉम्प्युटर, एक मोठा प्रिंटर, काकांची खुर्ची आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. त्या स्टुलावर बहुतेक वेळा कुणाचा तरी प्रबंध बसलेला असतो, त्यामुळे आपण उभं राहायचं. माळ्यावर बाइंडिंग चालतं. वरून खळीचा वास, खालून टोनरचा.

दर आधी सांगते, कारण बहुतेक लोक तेवढंच वाचायला येतात. मराठी टायपिंग पानाला ३५ रुपये. आकृती असेल तर आकृतीमागे २५ वेगळे. पहिलं प्रूफ फुकट, दुसऱ्याला पानामागे ५. रेक्झिनचं पक्कं बाइंडिंग, पाठीवर सोनेरी अक्षरं, प्रतीला २८०. माझी २१२ पानं, ३१ आकृत्या आणि सहा प्रती सगळं धरून तेरा हजारांच्या आत बसलं. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी विचारलं होतं. त्यांनी पानाला ६० सांगितले, आणि आकृत्या पाहिल्यावर ‘हे बीजगणित आम्ही करत नाही’ म्हणून वही परत केली.

बीजगणित नव्हतं, मराठी होतं. मी एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवते, वय ४७, आणि प्रबंध सर्वनामांवर. ‘स्वतः’, ‘आपण’ आणि ‘तो’ हे तीन शब्द वाक्यात कुणाकडे बोट दाखवू शकतात आणि कुणाकडे दाखवायची त्यांना बंदी आहे, एवढाच विषय. एवढ्याशा विषयाला सहा वर्षं लागली म्हणून सासरी अजून थट्टा होते.

थोडं सांगितल्याशिवाय दुकानाची गंमत कळणार नाही. शाळेत आपण ‘आत्मवाचक सर्वनामे: आपण, स्वतः’ असं एका दमात पाठ केलं. जणू दोन्ही एकच. आता ही दोन वाक्यं बघा. ‘राम म्हणाला की श्यामने स्वतःला फसवलं.’ फसला कोण? श्याम. ‘राम म्हणाला की श्यामने आपल्याला फसवलं.’ आता फसला राम. (किंवा आपण सगळेच, पण तो ‘आपण’ निराळा.) ‘स्वतः’ घरातल्या घरात माणूस शोधतो. ‘आपण’ घरातल्या माणसाला ओलांडून बाहेरच्या वाक्याचा कर्ता धरतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी येत होतं. तुम्हालाही येतं.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींनी १९७९ साली इटलीत, पिसाला, व्याख्यानं दिली. १९८१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि सर्वनामांच्या अभ्यासाला तीन खणांचं एक कपाट मिळालं. पहिल्या खणात ‘स्वतः’सारखे शब्द: यांना धनी (म्हणजे ज्याच्याकडे ते बोट दाखवतात तो) लागतो आणि तो जवळच लागतो. दुसऱ्या खणात ‘तो’, ‘त्याला’: यांना जवळचा धनी चालत नाही, लांबचा चालतो, नसला तरी चालतो. तिसऱ्यात राम, श्याम, ‘शेजारची मुलगी’ अशी नावं: यांना वाक्यात वरच्या जागी धनी असता कामा नये. म्हणून ‘त्याला वाटतं राम हुशार आहे’ यातला ‘तो’ कधीच राम होत नाही, कितीही ओढाताण केली तरी. कपाट सुंदर आहे. आपला ‘आपण’ मात्र त्यात बसत नाही. त्याला धनी तर हवाच, पण जवळचा नको. (मालकी दाखवणाऱ्या ‘आपला’ला मात्र जवळचा चालतो.) पहिल्या खणात ठेवावा तर दार लागत नाही, दुसऱ्यात ठेवावा तर बाहेर घरंगळतो. भाषाशास्त्रज्ञ काशी वली यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून मराठीच्या या जोडगोळीवर लिहिलं, आणि २००० साली दक्षिण आशियाई भाषांतल्या सर्वनामांचा जो जाडजूड ग्रंथ निघाला त्यात मराठीचं प्रकरण त्यांचं आहे. माझी सहा वर्षं त्यांच्या खांद्यावर बसूनच गेली.

तर असं हस्तलिखित घेऊन मी त्या जिन्याखाली गेले. काका सत्तरीचे, चष्मा कपाळावर. टायपिंग करणारा मुलगा मंगळवेढ्याकडचा, पंचविशीतला, एका कानात इअरफोन. त्याने पानं चाळली, म्हणाला, ‘होऊन जाईल मॅडम, आठ दिवस.’ लागले एकोणीस, पण ते पुढे.

पहिलं प्रूफ हातात आलं तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती ही की सगळ्या तारका गायब. विचारलं. तो म्हणाला, ‘तारा दिसला म्हणून खाली टीप शोधली. टीप न्हवती. मग तारा काढला.’ बरं, म्हटलं, तर्क सरळ आहे. मग तिसरं प्रकरण उघडलं आणि पोटात गोळा आला.

तिसऱ्या प्रकरणात ४४ वाक्यं मी मुद्दाम मोडून ठेवली होती. आमच्यात तसंच करतात: वाक्य कुठे मोडतं ते पाहिल्याशिवाय ते कशाने उभं राहतं ते कळत नाही. ‘मुलं म्हणाली की शाळेने एकमेकांना बक्षीस दिलं’ हे त्यातलं एक. ‘एकमेकांना’ला त्याच्याच वाक्यातला अनेकवचनी धनी लागतो, बाहेरची मुलं उपयोगी पडत नाहीत, हे दाखवायला लिहिलेलं. प्रूफमध्ये छापलं होतं: ‘मुलं म्हणाली की शाळेने त्यांना बक्षीस दिलं.’ माझं ‘स्वतःने रामला आरशात पाहिलं’ हे त्याच्याकडे ‘रामने स्वतःला आरशात पाहिलं’ झालं होतं. ‘श्यामने आपल्याला आरशात पाहिलं’ या वाक्याखाली मी कंसात अर्थ दिला होता, ‘म्हणजे श्यामने श्यामलाच’. त्याने कंस नीट वाचला होता आणि ‘आपल्याला’ काढून ‘स्वतःला’ घातलं होतं. ४४ पैकी ४४. एकही चुकीचं वाक्य शिल्लक नाही. प्रकरणाचं नाव ‘अस्वीकार्य रचना’ आणि आत सगळं शुद्ध तूप.

‘मॅडम, तुमची लई वाक्यं चुकली होती,’ तो अगदी हळू आवाजात म्हणाला, काकांना ऐकू जाऊ नये म्हणून. ‘मी दुरुस्त केल्यात. त्याचे पैसे नकोत.’

मी काही बोलले नाही. वीस वर्षं उत्तरपत्रिकांतल्या चुका काढणारी बाई मी, त्या संध्याकाळी स्वारगेटहून सुटलेल्या एसटीत बसून बरोबर वाक्यांत लाल पेनाने चुका घालत होते. शेजारच्या आजी बराच वेळ बघत होत्या. शिरवळ येईपर्यंत बावीस वाक्यं बिघडवून झाली होती. आणि तिथे कुठेतरी माझा राग थांबला, कारण एक गोष्ट लक्षात आली. या मुलाने एकही दुरुस्ती भलतीकडे केली नव्हती. जिथे जवळचा धनी हवा तिथे त्याने ‘स्वतः’ आणला होता. जिथे जवळचा चालत नाही तिथे ‘त्याला’, ‘त्यांना’. जिथे बाहेरच्या वाक्यातला बोलणारा माणूस धरायचा होता तिथे ‘आपण’ला हातही लावला नव्हता. सहाव्या वर्षी मी ज्या तक्त्यावर पोचले, तो त्याने बॅकस्पेसने काढून दिला होता.

भाषाविज्ञानावर एक जुना आक्षेप आहे की ही मंडळी खुर्चीत बसून स्वतःलाच वाक्य विचारतात, स्वतःच ‘चुकलं’ म्हणतात आणि त्यावर सिद्धान्त बांधतात. आक्षेप पोकळ नाही. २०१२ साली जॉन स्प्राउस आणि डिओगो अल्मेडा या दोघांनी इंग्रजी वाक्यरचनेच्या एका पाठ्यपुस्तकातली ४६९ उदाहरणं घेऊन ती ४४० सामान्य माणसांकडून तपासून घेतली. ९८ टक्के निवाडे जसेच्या तसे निघाले. म्हणजे खुर्चीतले लोक अगदीच वाऱ्यावर नसतात. पण ते इंग्रजीचं झालं. माझ्या मराठीचं कुणी तपासलं होतं? एका माणसाने तपासलं होतं, तेही न सांगता, पानाला ३५ रुपयांत.

दुसऱ्या फेरीला मी स्टुलावरचा प्रबंध उचलून खाली ठेवला, बसले आणि त्याला सगळं समजावून सांगितलं. तारा म्हणजे काय. वाक्य मुद्दाम का मोडायचं. आणि सर्वनामांच्या पायाशी बारीक अक्षरात क, ख, ग का लिहिलेत. ती अक्षरं त्याला बहुपर्यायी प्रश्नाचे पर्याय वाटली होती. मी म्हटलं, ज्यांच्या पायाशी सारखं अक्षर, तो माणूस एकच. ‘राम’खाली क आणि ‘त्याला’खाली क म्हणजे दोन्ही राम. ‘म्हंजे आधार कार्ड,’ तो म्हणाला. ‘नाव कायबी असू दे, नंबर एक तर माणूस एक.’ चॉम्स्कींचं पुस्तक शिकवताना मी पुढच्या वर्षी हेच सांगणार आहे.

आता आकृत्या. आमच्या वाक्यांची झाडं काढतात: वर अख्खं वाक्य, खाली त्याच्या फांद्या, टोकाला शब्द. गणिताचा भाग म्हणतात तो इतकाच. मला भीती होती की हे कुणाला जमणार नाही. काकांनी पहिलं झाड पाहिलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि म्हणाले, ‘ही तर वंशावळ.’ झालं असं की हे दुकान तीस वर्षं लोकांचे कुलवृत्तांत छापतंय. मूळ पुरुष वर, खाली शाखा, आडव्या रेघा, उभ्या रेघा, सगळं तयार. मुलाने कुठल्या तरी घराण्याची फाईल उघडली, नावं पुसली आणि त्या जागी ‘नामपद’, ‘क्रियापद’ टाकत गेला. ३१ झाडं दोन दिवसांत. एका झाडात खालच्या फांदीवर ‘निःसंतान’ एवढं राहून गेलं होतं. ते मी प्रूफमध्ये पकडलं. खरं तर त्या फांदीला खाली काहीच नव्हतं, त्यामुळे चुकीचंही म्हणता येईना.

आणि इथे काकांनी माझ्या विषयातली सगळ्यात अवघड कल्पना मला सोपी करून दिली. १९७६ साली तान्या राइनहार्ट यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत प्रबंध लिहिला. धनी कोण होऊ शकतो हे शब्द आधी आला की नंतर यावर ठरत नाही, झाडातल्या जागेवर ठरतं, हे त्यांनी त्यात दाखवलं. या नात्याला सी-कमांड म्हणतात. व्याख्या तोंडपाठ असली तरी विद्यार्थ्यांच्या डोक्यात उतरत नाही. आमच्यात फांद्यांनाही आई, लेक, बहीण असंच म्हणतात. काकांनी वंशावळीवर बोट ठेवून विचारलं, ‘म्हणजे हुकूम कुणाचा कुणावर?’ मी म्हटलं, फांदीचा हुकूम आपल्या बहिणीवर आणि बहिणीच्या पुढच्या सगळ्या वंशावर. ‘म्हणजे मावशीचा भाचीवर. भाचीचा मावशीवर नाही.’ नाही. ‘आणि स्वतःच्या लेकीवर?’ नाही, म्हटलं, स्वतःच्या लेकीवर अजिबात चालत नाही. काका म्हणाले, ‘मग शास्त्र बरोबर आहे तुमचं.’

‘रामच्या भावाने स्वतःला दोष दिला’ हे वाक्य घ्या. राम पहिल्यांदा येतो, कानाला जवळ आहे, तरी दोष भावाला. कारण अख्खा ‘रामचा भाऊ’ ही मावशी, आणि ‘राम’ तिच्या पोटातली लेक. लेकीला ‘स्वतः’पर्यंत हुकूम पोचवता येत नाही. या दुकानात उभं राहून हे मला पहिल्यांदा चित्रासारखं दिसलं.

गाढवावरून मात्र भांडण झालं. पीटर गीच या तत्त्वज्ञाने १९६२ साली गाजवलेलं एक वाक्य आहे, त्याच्यावाचून सर्वनामांचा एकही प्रबंध पुरा होत नाही. मराठीत: ‘ज्या शेतकऱ्याकडे गाढव असतं, तो त्याला मारतो.’ प्रश्न असा की ‘त्याला’ म्हणजे कुठलं गाढव? ठरावीक एक गाढव नाहीच. दर शेतकऱ्यागणिक गाढव बदलतं, आणि तरी सर्वनाम एकच. शिवाय गाढव त्या ‘ज्या’च्या वाक्यात कोंडलेलं, त्याचा हुकूम बाहेर पोचत नाही. मग ‘त्याला’ला धनी मिळतो कुठून? यावर अर्थविज्ञानाच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या. माझा टायपिस्ट मात्र पहिल्याच शब्दाला अडला. ‘शेतकऱ्याकडं गाढव कशाला आसंल? गाढव कुंभाराकडं. शेतकरी लिवायचा तर बैल करा.’ मी म्हटलं, जगभर गाढवच लिहितात. तो म्हणाला, ‘जगभरच्यांनी शेती केलीया का?’ शेवटी गाढव ठेवलं, पण तळटीप दिली, की उदाहरण परंपरेने आलेलं आहे, महाराष्ट्रातल्या शेतीशी संबंध नाही. टिपेची खूण म्हणून त्याने तारकाच टाकली. त्याला हवी असलेली टीप एकदाची मिळाली.

लिपीच्या कटकटी कुणी आधी सांगत नाही म्हणून इथे लिहून ठेवते. वाक्यात न उच्चारलेला कर्ता असतो. ‘रामने जायचं ठरवलं’ यात जाणारा कोण हे लिहिलेलं नाही, पण तो रामच. दुसरा प्रकार, ‘काल आला, आज गेला’: कोण ते संदर्भावरून. इंग्रजीत दोन्हींना प्रो म्हणतात. एकाला मोठ्या अक्षरांत, एकाला लहान अक्षरांत. वाचताना फरक डोळ्यांना दिसतो. आपल्या लिपीत मोठी अक्षरं-लहान अक्षरं नाहीतच! पहिल्या प्रूफमध्ये सगळे प्रो सारखे झाले आणि चौथं प्रकरण स्वतःशीच बोलायला लागलं. ठळक-बारीक करून पाहिलं, झेरॉक्समध्ये फरक राहत नव्हता. तोडगा काकांचा: थोरला प्रो आणि धाकटा प्रो. माझे मार्गदर्शक आधी हसले, मग दोन दिवसांनी त्यांचा स्वतःचा लेख आला त्यात ‘थोरला प्रो’ होता.

दुसरी कटकट क-ख-गची. ही अक्षरं शब्दाच्या पायाशी बारीक बसवायची असतात, आणि मराठीत पायाशी आधीच उकार, ऋकार, काय काय बसलेलं असतं. ‘मुलांनी’, ‘तुझ्यावर’ यांच्याखाली अक्षर घातलं की ओळ फाटते. यांच्याकडे दोन मशिनं आहेत. जुन्यावर जुने फाँट, नव्यावर युनिकोड. नव्यावरच करून घ्या, आधी स्पष्ट सांगा. जुन्या फाँटात पान दिसायला देखणं येतं, पण प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढवला की त्यात एक शब्द शोधून सापडत नाही. सहा वर्षं ‘आपण’वर काम करायचं आणि लोकांनी ‘आपण’ शोधलं तर शून्य निकाल, हे माझ्याच्याने सहन झालं नसतं. पहिली चाळीस पानं जुन्या मशिनवर झाली होती, ती परत करून घेतली. त्यांनी जास्तीचे पैसे घेतले नाहीत. दिवस मात्र घेतले.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. दुसऱ्या प्रूफात चुका जागच्या जागी होत्या, ताऱ्यांसकट. पण तीन ताऱ्यांपाशी समासात पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं: ‘हे चालतंय की’.

तिन्ही वाक्यं एकाच जातीची. ‘राम त्याच्या घरी गेला’, दोन्हींच्या पायाशी क. म्हणजे घर रामचंच. मी तारा दिला होता. माझ्या कानाला रामचं घर असेल तर ‘राम आपल्या घरी गेला’ असंच यायला हवं. ‘त्याच्या’ म्हटलं की घर दुसऱ्याचं. ‘मालकाने नोकराला आपली छत्री दिली’ आणि ‘मालकाने नोकराला त्याची छत्री दिली’ यांत छत्री कुणाची हे लख्ख कळतं: पहिल्यात मालकाची, दुसऱ्यात नोकराची. मराठीची ही सोय इंग्रजीला नाही, यावर माझं अर्धं पान अभिमानाने लिहिलेलं होतं. आणि हा मुलगा, ज्याने ४४ वाक्यं बरोबर पकडली, तो म्हणत होता की रामच्या घराला ‘त्याच्या’ चालतं.

आधी वाटलं, पायाशी असलेलं अक्षर बघायला विसरला. विचारलं. म्हणाला, ‘न्हाई, कळलंय मला. घर रामचंच. “तो त्याच्या घरी गेला” असं म्हणतोयच की आपण.’ काकांना विचारलं. काका ताडकन म्हणाले, ‘छे, मग दुसऱ्याच्या घरी गेला.’ तेवढ्यात काकांची नात डबा घेऊन आली, अकरावीतली. तिला विचारलं. तिने दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, ‘दोन्ही चालतं ना? प्रॉब्लेम काय आहे?’ जिन्याखाली सहा फुटांत दोन पिढ्या आणि मध्ये माझा तारा.

त्या तीन वाक्यांवरचा तारा मी काढला आणि तिथे प्रश्नचिन्ह टाकलं. दीड पान नवीन लिहिलं, की ‘आपला’ची मक्तेदारी ढिली होतेय का, आणि तसं असेल तर फक्त मालकी दाखवताना का, कारण ‘रामने त्याला मारलं’ यात त्या मुलालाही, नातीलाही राम स्वतःला मारताना दिसत नव्हता. तिथे बंदी शाबूत आहे. घराच्या बाबतीत दार उघडलंय. अभिमानाचं अर्धं पान कापलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी ज्या पानावर सगळ्यात जास्त वेळ काढला ते हेच.

तक्रारी. आठ दिवस म्हणाले आणि एकोणीस लावले, हे सांगितलंच. त्यातले चार दिवस एका मंडळाची गणपतीची स्मरणिका माझ्या प्रबंधाच्या पुढे घुसली. गणपतीच्या आधी महिनाभर इथे जाऊच नका, पावतीपुस्तकांखाली गाडले जाल. सहापैकी एका प्रतीच्या पाठीवर सोन्यात ‘आत्मवाचाक’ छापून आलं. बदलून दिलं, कुरकुर केली नाही. दुकानात पंखा एक आणि तो प्रिंटरकडे तोंड करून. यूपीआय चालतं पण नेटवर्क जिन्याखाली येत नाही, रस्त्यावर जाऊन पैसे पाठवून परत येऊन मेसेज दाखवावा लागतो. एक तारा कापलाय तो या सगळ्यासाठी नाही. तो पहिल्या प्रूफाच्या रात्रीसाठी, जेव्हा मला खरोखर वाटलं होतं की सहा वर्षं पाण्यात गेली.

ऋणनिर्देशाचं पान मी सगळ्यात शेवटी दिलं, हाताने लिहून, काउंटरवर उभ्या उभ्या. त्यात एक ओळ होती: ‘मार्गदर्शकांनी टंकलेखकांना तिसऱ्या प्रकरणाविषयी विचारलं, त्यामुळे ते प्रकरण सुधारलं, मी त्यांची ऋणी आहे.’ त्याने टाइप केलं आणि बोटं थांबली.

‘मॅडम, “त्यांची” म्हंजे कुणाची? सरांची का माझी?’

मी पाहिलं. खरंच, दोन्हीकडे जात होतं.

‘खाली अक्षर टाकू का?’